कात्री न लावायचं कापड

आमच्या घराला रस्त्याच्या अंगानं दोन दारं होती. घाटाकडं निघालं की आधी अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान लागायचं आणि त्याला चिकटून काकूचं. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. काकू म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची बायको, गोदाकाकू. काका मला आठवतच नाहीत, इतक्या लवकर गेले. पण त्यांचं दुकान काकूनं बंद पडू दिलं नाही. दुकान मयतीच्या सामानाचं. मडकी, बांबू, काथ्याची दोरी, गुलाल-बुक्का, काळे तीळ आणि मागच्या फळीवर कोऱ्या मांजरपाटाचे तागे. गंगाखेडला गंगा, म्हणजे गोदावरी, आहे, त्यामुळं लांबलांबच्या गावांतनं लोक आपलं माणूस घेऊन, नाहीतर त्याच्या अस्थी घेऊन, आमच्या दारावरूनच घाटावर उतरायचे. गावातली टवाळ पोरं म्हणायची, या घरात एका दारानं शिवून घ्या अन् दुसऱ्या दारानं गुंडाळून घ्या. अप्पांना ते लागायचं. काकू मात्र तोंडातली मिश्री थुंकून यायची आणि हसायची. "खोटं हाय का त्यांचं?" म्हणायची. "तुज्या बापाचं गिऱ्हाईक दिवाळीला येतं, माझं कव्हाबी येतं."

चूल एकच होती. माझ्या जन्मानंतर आईला जे दुखणं लागलं ते काही वर्षं हटलं नाही, म्हणून मी काकूच्याच अंगाखांद्यावर वाढले. तिच्या हातची येसराची आमटी, त्यात चुरलेली कालची भाकरी आणि वर कच्च्या तेलाची धार, हे माझं लहानपण. आवाज दोन. एक अप्पांच्या मशीनचा, पायटा दाबला की अंगणापर्यंत येणारा. आणि दुसरा काकूच्या बाजूनं अधूनमधून येणारा, कापड फाटल्याचा. काकू मयतीच्या कापडाला कात्री लावत नसे. दातानं कडेला एक चीर द्यायची, दोन्ही हातांत दोन टोकं धरायची आणि एका झटक्यात फाडायची. त्या कापडाला कात्री लागत नाही, सुई लागत नाही, गाठीवर भागवायचं. हा नियम तिचा एकटीचा नव्हता, सगळ्या मुलखाचा होता. तिचा स्वतःचा नियम वेगळाच होता. गेलेल्याचं नाव कळल्याशिवाय ती ताग्याला हात लावत नसे. आधी विचारायची, "कोण?" लोक नाव सांगायचे. मग ते नाव तोंडानं घेत घेत ती कापड फाडायची, जणू त्या माणसाला उठवून सांगतेय की बाबा, हे तुझं. नंतर मागच्या अंगणात जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायची आणि देवळीत एक वात लावायची. दिवसातनं तीनदा माणसं आली तर तीनदा आंघोळ. माघातसुद्धा. बेवारस कुणी असला तर त्याच्या कापडाचं ती काही घेत नसे, पण नाव त्यालाही लागायचंच. अगदीच ठाऊक नसेल तर घेऊन आलेल्यानं ठेवायचं.

मी हे आता लिहायला बसले त्याला कारण आहे. मागे ती दुसरी साथ आली आणि सगळं जग तोंड बांधून बसलं, तेव्हा माझी सून म्हणाली, आई, तुम्हाला तर शिवणकाम येतं, आपण घरीच मास्क शिवू. मी मशीनवर बसले, कापड सुईखाली धरलं आणि माझा पाय पायट्यावर पडेना. सुनेला वाटलं, गुडघे दुखतात. मी तेच सांगितलं. असं खोटं मला फार सहज येतं. ते कुठून सुरू झालं, ते एकदा लिहून ठेवावं म्हणते.

चौऱ्याण्णव साली मी बारावीला बसून एका विषयात गेलेली होते आणि घरी अप्पांच्या हाताखाली काजं-बटणं करत होते. वर्षाच्या सुरुवातीला मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटला होता, त्या वेळचा पोलीस बंदोबस्त नुकता कुठं उठला होता. गावात कुणी मोठ्यानं काही बोललं तरी जमादार विचारायला यायचा, काय बातमी, कुणी सांगितली. गणपती उठले आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातनं उंदीर पडल्याची बातमी आली. मग सुरतेची. सुरतेला आपल्याकडची कितीतरी माणसं मागावर कामाला होती, ती मिळेल त्या गाडीनं परत यायला लागली. प्लेग हा शब्द तोवर आम्ही फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकला होता. आता तो दारात आला. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या, आठवडी बाजार बंद झाला, नगरपालिकेचा माणूस गटारींवर पांढरी पावडर उडवत फिरू लागला. अंगणात उंदीर दिसला तर बायका भांडी वाजवत घराबाहेर यायच्या.

उंदरांच्या खालोखाल भीती बसली ती कापडाची. गावातलं निम्मं कापड सुरतेचं. साडी सुरतेची, शर्टाचा पीस सुरतेचा. कुणीतरी उठवलं की रोग कापडाच्या घडीतनं येतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आमच्या धंद्याचे जे काय दोन महिने असतात तेव्हाच, अप्पांच्या दुकानात एक माणूस चढेना. शिवून तयार झालेले कपडे दोरीवर तसेच लटकलेले. मापं दिलेली माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची आणि अप्पांशी नजर टाळायची. दुसऱ्या मशीनवरचा कारागीर बायकापोरं घेऊन गावाकडं निघून गेला. अप्पा दिवसभर मशीनला तेल घालत बसायचे. तेल घालून घालून खालची फरशी निसरडी झाली होती.

एक दिवस सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर पांढरी पट्टी तोंडाला बांधून रस्त्यानं गेला. अप्पांनी त्याला हाक मारली, तंबाखू दिली आणि ती पट्टी मागून घेतली. रात्री पाण्यात उकळली आणि सकाळी उसवली. किती पदर, चुण्या कुठं, बंद किती लांब, सगळं बघून घेतलं. अप्पांची बोटं अशा वेळी फार सुंदर दिसायची, ते मला आजही नाकारता येत नाही. आधी त्यांनी दुकानात पडलेल्या गणवेशाच्या तुकड्यांतनं थोड्या शिवल्या. हिरव्या, खाकी. कुणी घेईना. एक जण म्हणाला, "अप्पा, बैलाला मुसकं घालतात तसं दिसायलंय की. अन् कापड सुरतेचंच असंल." पांढरं पाहिजे होतं, दवाखान्यासारखं, आणि सुरतेचं नको होतं. ट्रक बंद होते. अख्ख्या घाटरस्त्यावर तसं कापड एकाच फळीवर होतं.

अप्पांनी मला बोलावून सांगितलं, "जा, वहिनीकडून एक तागा घेऊन ये. माझं बोलणं झालंय तिच्याशी."

मी गेले. काकू तीळ पाखडत होती. मी म्हटलं, काकू, कापड पाहिजे. ती उठली, हात पुसले, ताग्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कोण गं?"

तेव्हा मला कळलं की बोलणं काही झालेलं नाही. फळ्यांच्या पलीकडं अप्पांचं मशीन चालू होतं, ते थांबलं. ते ऐकत होते. मी मागं फिरू शकले असते. चार पावलांवर दार होतं. मी तशीच उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, सुरतेहून आलेला एक जण, दवाखान्यात गेला. नाव कळलं नाही.

"नाव न्हाई असं कसं व्हईल," काकू म्हणाली. "मायनं काहीतरी ठिवलंच असंल की. तू ठिव."

"गणपत," मी म्हटलं.

"गणपत," काकू म्हणाली आणि फाडलं. फळ्यांच्या पलीकडं मशीन पुन्हा सुरू झालं.

आपल्याला कुणीतरी वापरून घेतलं, हे कळायला एवढा आवाज पुरतो. मी कापड अप्पांच्या पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होता, सांगितलंय. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कापडाचा पोत बोटांनी चाचपत म्हणाले, "ती विचारतेच ग. सवय आहे तिची. एखादं नाव द्यायचं. गणपत काय, हजार असतात." दिवाळी होऊ दे, मग मी स्वतः वहिनीला सगळं सांगतो, असंही म्हणाले. आणि कात्री उचलली. कात्री त्या कापडात शिरली तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. तिन्हीसांजेला भाकरी थापता थापता ती हळूच म्हणाली, "नाव देताना आपल्यातलं देऊ नको."

पट्ट्या खपल्या. आई कडुलिंबाचा पाला उकळायची, त्या पाण्यातनं त्या काढायची आणि अप्पांच्या माळ्यावर, काकूच्या नजरेआड, वाळत घालायची; काकूला सांगितलं होतं, कापड दवाखान्यातनं येतं; सगळ्या घराला तो कडू वास लागला. शाळेचे मास्तर आले, बँकेतले आले, एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर आले. ताग्याच्या काठाला एक निळी रेघ होती, तो काठ अप्पा वाया जाऊ देत नसत, त्याचे बंद करायचे. अप्पांच्या दुकानाची पायरी पुन्हा झिजायला लागली. लोक म्हणायचे, अप्पा, तुमी होते म्हणून बरं. अप्पा मान डोलवायचे. दुकानात उदबत्ती पुन्हा लागायला लागली.

आणि मी काकूकडं जात राहिले. आधी दिवसाआड, मग रोज. दर वेळी एक नाव. लांबच्या गावचा, बेवारस, सुरतेहून आलेला. प्रेतं दारावरून का जात नाहीत असं काकूनं विचारलं तर मी सांगायची, सरकारी माणसं रात्रीच परस्पर नेतात. आपल्यातलं द्यायचं नाही, ओळखीतलं द्यायचं नाही. जिवंत माणसाचं नाव तिथं घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, हे मला काकूनंच शिकवलेलं. मी रात्री अंथरुणात पडून नावं शोधायची. शाळेच्या पुस्तकातली, गणितातल्या उदाहरणांतली, रेडिओवर फर्माईश करणाऱ्यांची. काकू प्रत्येक नाव घेऊन फाडायची, अंगणात जाऊन थंड पाणी डोक्यावर घ्यायची आणि देवळीत वात लावायची. देवळीत आता वाती मावत नव्हत्या, तिनं खाली पाट मांडला. रात्री जेवताना ती हातातला घास ताटात ठेवायची. "कुणाकुणाची लेकरं असतील ती," म्हणायची, "अन् आपण हितं आमटी खायलोत." अप्पा खाली मान घालून ओरपत असायचे. मला वाटायचं, आता तरी ते सांगतील. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. ते आणखी भाकरी मागायचे.

काकूनं ते दुःख पोटात ठेवलं नाही, आणि का ठेवावं? पहाटे गंगेवर धुणं घेऊन जायची तेव्हा बायकांना सांगायची, लय माणसं मरायलीत गं, सरकार दाबून ठिवायलंय. बायका घाबरायच्या. मयतीच्या बाबतीत गोदाकाकूचा शब्द म्हणजे शब्द. डॉक्टर म्हणत होते, गावात एकही रोगी नाही. लोक डॉक्टरांना खोटं ठरवत होते, कारण काकू खरी होती. आणि बायका घरी गेल्या की पुरुषांना पिटाळायच्या, जा, अप्पाकडून पट्ट्या आणा. माझं खोटं काकूच्या तोंडून खरं होऊन गावभर फिरायचं आणि गिऱ्हाईक होऊन आमच्याच दारात यायचं. अप्पांना हे समजलं होतं. एकदा ते आईला म्हणाले, वहिनीचं तोंड म्हणजे जाहिरात आहे. आई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती, ती म्हणाली, "देवाला भ्या जरा." एवढंच. त्यापलीकडं तीही गेली नाही.

एके सकाळी माझ्या डोक्यात नाव येईना. काकू ताग्यावर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, शेषराव. आमच्या मराठवाड्यात दगड मारला तर शेषरावाला लागतो. म्हणून तर ते तोंडाशी आलं. काकू म्हणाली, "शेषराव," आणि फाडलं.

आमच्याच गल्लीच्या टोकाला शेषराव कंडक्टर राहायचा. नाशिकच्या गाडीवर ड्युटी. गाडी रस्त्यात कुठंतरी अडवली होती, तपासणीसाठी म्हणे, आणि तो दोन दिवसांपासून घरी परतला नव्हता. मी त्याचा विचारच केला नव्हता. काकूनंही केला नसेल. पण घाटावरच्या बायकांनी केला. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूनं घाटावर ते नाव घेतलं, सुरतेकडून आलेला म्हणाली, आणि कुणीतरी ओल्या लुगड्यानिशी पळत शेषरावच्या घरी गेलं. त्याच्या बायकोनं दाराच्या चौकटीवर हात आपटून बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. सासू जमिनीवर पडली. भावकीतले लोक प्रेत आणायला म्हणून सरकारी दवाखान्यात गेले, तिथं डॉक्टर म्हणाले, इथं कुणीच मेलेलं नाही. लोक त्यांच्या अंगावर धावून गेले. दुपार कलल्यावर नाशिकची गाडी स्टँडात लागली आणि शेषराव खांद्याला पिशवी लावून, गळ्यात आमची पट्टी सोडून, चालत घरी आला. त्याच्या बायकोनं त्याला बघितलं आणि ती ओरडली, ते आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

नवरा जिवंत असताना जिनं बांगड्या फोडल्या तिला काय वाटलं असेल, हे बाईलाच कळतं. ती आली तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते, मनगटांवर रक्त सुकलेलं. मागं शेषराव, त्याचा भाऊ, सगळी गल्ली, डॉक्टर आणि जमादार. ते अप्पांच्या दारावर आले नाहीत, काकूच्या दारावर आले.

काकू बाहेर आली. जमादारानं विचारलं, तुम्ही अफवा उठवली का, हा माणूस मेला म्हणून. काकूनं शेषरावाकडं पाहिलं. आधी तिला आनंदच झाला, तिनं हात जोडले आणि म्हणाली, "जित्ता हायस? बरं झालं बाबा." लोक भडकले. शेषरावची बायको म्हणाली, "बरं झालं म्हणायलीस? माझ्या बांगड्या कोण भरून देणार?"

"मी मनानं कशाला मारीन कुणाला, माय," काकू म्हणाली. "नाव आल्याबिगर मी कापड फाडत न्हाई, सगळ्या गावाला ठावं हाय. मला नाव हिनं सांगितलं." आणि तिनं माझ्याकडं हात केला. तक्रार म्हणून नव्हे. अगदी विश्वासानं, की आता ही सांगेल आणि सगळं उलगडेल.

सगळे माझ्याकडं वळले. मी अप्पांकडं पाहिलं. मला खरंच वाटलं होतं की ते पुढं होतील. दिवाळी झाली की सांगतो म्हणाले होते. दिवाळीला थोडेच दिवस होते, आज सांगितलं असतं तरी काय. अप्पा पुढं झाले. जमादाराला जरा बाजूला घेतल्यासारखं केलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला. म्हणाले, "भाऊ गेल्यापासून वहिनीचं जरा असंच आहे. मयतीच्या दुकानात एकटं बसून बसून माणसाला काहीबाही ऐकू यायला लागतं. घरात बघा हवं तर, कुणाकुणाच्या नावानं वाती लावून बसते."

दोन माणसं आत डोकावली. पाटावर वाती जळत होत्या. कुणीतरी चक् चक् केलं.

डॉक्टर मला म्हणाले, "तू सांग मुली. तू काही नाव सांगितलं होतंस का?"

"नाही," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून तो शब्द इतका सरळ निघाला की माझं मलाच खरं वाटलं. काकू माझ्याकडं बघत राहिली. मग तिची नजर माझ्यावरनं सुटली आणि शेषरावच्या गळ्यावर गेली. पट्टीचे बंद त्याच्या छातीवर लोंबत होते, निळ्या रेघेचे. ती दोन पावलं पुढं झाली आणि तिनं एक बंद बोटांत धरला. काठ अंगठ्यानं चोळला. मग गर्दीतल्या एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, जमादाराच्या, शेषरावच्या भावाच्या, मास्तरांच्या. सगळ्यांची तोंडं तिच्या कापडात बांधलेली. मला कळलं की तिला कळलं. आता ती एक वाक्य बोलली असती तर त्या लोकांनी पट्ट्या ओरबाडून आमच्या दारात पेटवल्या असत्या आणि अप्पांना त्या गावात पुन्हा सुई हातात धरता आली नसती.

काकूनं बंद सोडून दिला. शेषरावच्या बायकोपुढं वाकली, तिच्या पायांना हात लावला, तिच्याहून वयानं दुप्पट असून, आणि म्हणाली, "चुकलं माझं, बाई. डोकं ठिकाणावर न्हाई माझं." मग आत गेली आणि दार लोटून घेतलं.

जमादार अप्पांना म्हणाला, सांभाळा जरा म्हातारीला. काकू तेव्हा म्हातारी नव्हती.

त्यानंतर अप्पांनी काही सांगितलं नाही, दिवाळीला नाही आणि नंतरही नाही. साथ जशी आली तशीच गेली. आमच्या गावात एकही माणूस तीत मेलं नाही. उरलेल्या पट्ट्या अप्पांनी उशांत भरल्या. काकूच्या दुकानाची पायरी लोक टाळू लागले. येडीच्या हातचं कापड आपल्या माणसाला नको, म्हणायचे, परभणीहून आणायचे. काकू रोज दुकान उघडून बसायची. माझ्याशी बोलायची तेवढं बोलायची, मीठ दे, दार लाव. मी तिच्याजवळ निजायला गेले तर तिनं मला नको म्हटलं नाही, पण भिंतीकडं तोंड करून निजायची. माझ्या लग्नाआधी तिचा पेडगावचा भाचा आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. फळ्यांची भिंत काढून अप्पांनी दुकान मोठं केलं. मला लग्नात त्यांनी शिलाई मशीन दिलं. मी ते घेतलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला माझ्या बापानं फसवलं, आणि ते खरंच आहे. पण बापानं माझ्याशी जे केलं ते मी लगेच हातोहात पुढं देऊन टाकलं, ज्या बाईनं मला भाकरी चुरून वाढवलं तिला. ते मी स्वतःला सांगत नव्हते.

अप्पा गेले, दुकान विकलं, त्यानंतर मी पेडगावला गेले. काकू ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झालेले, बाकी तशीच. शेजारणी बसल्या होत्या, त्या उठून गेल्या तेव्हा मी तिच्या पायाशी बसले आणि बोलायला लागले, काकू, त्या वेळी मी. तिनं शेंगांचं सूप माझ्या पुढ्यात सरकवलं.

"मला कशाला सांगायलीस?" ती म्हणाली. "मला ठावं हाय."

मी म्हटलं, तरी पण.

"तरी पण काय. तव्हा तुमचं दुकान होतं, तुमच्या पोटाचा सवाल होता, म्हणून मी गप बसले. आता दुकानबी न्हाई अन् तुजा बापबी न्हाई. आता सांगायचं तर हितं कोपऱ्यात नको. मला येडी म्हणले ते घाटरस्त्यावर म्हणले, चार माणसांत. तिथं जा अन् तिथं उभी राहून सांग."

मी हो म्हणाले. जाताना जाईन म्हणाले. माझं सासर परळीला, रस्ता गंगाखेडवरूनच जातो. काकूनं मला धपाटे बांधून दिले. फाट्यापर्यंत सोडायला मात्र आली नाही.

गंगाखेडला गाडी थांबली. मी पिशवी घेऊन उतरले. स्टँडातनं घाटरस्ता दिसत नाही, जरा चालावं लागतं. चहाच्या गाड्यापाशी थांबले. चहा देणारी बाई माझ्याकडं निरखून बघत होती. म्हणाली, तुम्ही अप्पा टेलरच्या सुरेखा ना? मी तुमच्या मागच्या गल्लीतली. मग तिनं सगळ्यांची चौकशी केली, आईची, नवऱ्याची, मुलांची. चहाचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "अन् तुमच्या त्या येड्या काकू? हायत का गेल्या?"

"आहे," मी म्हणाले. "पेडगावला असते."

"आता कसं हाय त्यांचं डोकं?"

चार माणसं होती तिथं. एक चहा पीत होता, दोघं बाकावर, एक सायकल धरून उभा. परळीची गाडी सुरू झाली होती, कंडक्टर घंटी ओढत होता.

"आता बरी आहे," मी म्हणाले, आणि पेला तसाच ठेवून गाडीत चढले.